फारूहच्या गडावरचा धूर

फकिराला शिवायला मुहजाला बोलावलं, कारण साऱ्या मालागा शहरात चांगलं रेशीम उरलं होतं ते तिच्याच घरात.

फिरंग्यांनी त्याचे तुकडे करून यंत्राच्या गोफणीतून तटाच्या आत भिरकावले होते. लोकांनी ते छपरांवरून, गल्ल्यांतून वेचून आणले आणि मशिदीच्या अंगणात चटईवर जागच्या जागी मांडले. मुहजाने नाकातोंडावर ओढणी बांधली, पिवळ्या रेशमाची लड सोडली आणि खांद्यापासून सुरुवात केली. शेजारीण उम्म यईश समोर बसून कडा जुळवून धरत होती.

"काही तरी बोल गं," उम्म यईश कुजबुजली. "नाहीतर मला ओकारी येईल."

"पोटात आहे काय ओकायला?"

हा फकीर उन्हाळ्याच्या तोंडाला वेढा फोडून आत आला होता. बरोबर एक पांढरं निशाण. ज्या दिवशी हे निशाण वेशीबाहेर पडेल, त्या दिवशी फिरंग्यांच्या छावणीत रचलेल्या गव्हाच्या राशी तुम्ही बसून खाल, असं त्याने सांगितलं होतं. मग निशाण शहरात ठेवून तो एकटाच छावणीत गेला. कास्तीलच्या राजाला एक गुपित सांगायचंय म्हणाला, थेट शाही तंबूपर्यंत पोचला, सुरा काढला आणि भलत्याच सरदारावर वार केला.

"ज्याला समोरचा राजा ओळखता आला नाही, त्याला उद्याचं काय दिसणार?" उम्म यईश म्हणाली.

"हळू बोल. डोंगरी ऐकतील."

डोंगरी म्हणजे गडाची शिबंदी, समुद्रापलीकडच्या गुमारा डोंगरातली माणसं. शहराला तट होता, खाली कोट होता आणि या सगळ्याच्या डोक्यावर, टेकडीच्या माथ्यावर फारूहचा गड. फिरंगी आले तेव्हा शहरातलं धान्य डोंगऱ्यांनी गाढवांवर लादून गडावर नेलं होतं. गड टिकला तर शहर टिकेल, असं तेव्हा सगळ्यांनाच पटलं होतं. पुढे उपासमार सुरू झाली, काही व्यापाऱ्यांनी तहाची भाषा काढली, तेव्हा डोंगऱ्यांनी त्यांना भर बाजारात कापलं. त्यानंतर तहाचं नाव कुणी घरातही काढत नव्हतं.

अंगणाच्या कोपऱ्यात उभे असलेले डोंगरी शिपाई मुहजाची सुई पाहत होते. त्यांतला एक रडत होता. दुसऱ्याने विचारलं, "ही बाई कोण?"

"खलफ विणकराची बायको," कुणीतरी सांगितलं. "झीरीची सासू."

त्या संध्याकाळी मुहजा घरी आली तेव्हा खलफ गच्चीवर बसला होता. खालच्या खोलीत माग नव्हता. त्याची लाकडं कधीच जळून गेली होती. खलफ उंच, वाकलेला, जिभेचा तिखट माणूस. उपासाने त्याचे गाल आत गेले होते, पण थट्टा गेली नव्हती.

"हात धुतलेस ना? जेवायला बसू. आज वेलीची पानं आहेत, तेल नाही. उद्या तेल असेल तर पानं नसतील."

"वर काय चाललंय?"

"पेटल्या चुली," तो म्हणाला आणि गडाकडे बोट केलं. माथ्यावर, कोठाराच्या बाजूला, पांढऱ्या धुराचे जाड लोट उठत होते. रोज या वेळेला उठायचे. सगळं शहर गच्चीवर येऊन ते बघायचं. मुलांना दाखवायचं. "तो बघ, डाव्या अंगाचा तो सुब्हच्या चुलीचा. पोरगी लहानपणापासून धूरच फार करते. किती वेळा सांगितलं, लाकूड वाळू दे!"

सुब्ह त्यांची एकुलती एक लेक. वेढ्याच्या आधीच्या वसंतात तिचं लग्न झीरीशी लागलं. तेव्हा गल्लीने नाकं मुरडली होती; विणकराची मुलगी डोंगऱ्याला! आता तीच गल्ली म्हणायची, खलफ, तुझं नशीब थोर. तुझी लेक गव्हाच्या कोठाराला टेकून झोपते.

शहरातून गडावर गेलेलं कुणी खाली येत नसे. वेढ्याच्या सुरुवातीला एका भटारखान्यातला खमीरवाला वर बोलावला, तो आला नाही. नालबंद गेला, तोही नाही. सुईण गेली, तिची म्हातारी आई रोज गडाच्या वाटेकडे डोळे लावून बसे. "येतील कशाला?" लोक म्हणायचे. "भरल्या ताटावरून उठून कोण येतं?"

फकिराला पुरल्यानंतर काही दिवसांनी सकाळीच झीरी दारात उभा राहिला. मागे दोन शिपाई. अंगात कापूस भरलेला जाड अंगरखा, एवढ्या उन्हातही गळ्यापर्यंत बांधलेला.

"या, या, जावईबापू," खलफ म्हणाला. "बसा. पाहुणचार काय करू? पाणी आहे, आणि दुसरं पाणी आहे."

झीरी हसला नाही. एरवी तो सासऱ्याच्या प्रत्येक विनोदाला उशिरा का होईना, पण हसायचा. "फकिराचं निशाण फाटलंय," तो म्हणाला. "येत्या दिवसांत ते घेऊन बाहेर पडायचंय. वरचा हुकूम आहे, आईंनी येऊन ते शिवावं."

मुहजा उठलीच. "वर? गडावर?"

"इथे आणून देता येईल का, ते मी विचारलं होतं. नाही म्हणाले." तो तिच्याकडे न पाहता बोलत होता. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आई, तुम्हाला हल्ली कमी दिसतं ना?"

"कोण म्हणालं? अजून पहिल्या झटक्यात सुई ओवते."

"बोटं दुखत असतील. एवढं शिवलंत त्या दिवशी. मी सांगतो वर, बोटं सुजलीत म्हणून. दुसरं कुणी बघतील."

"बोटं दाखवू? हे बघ." तिने दोन्ही हात पुढे केले. "अरे, माझी लेक वर आहे. महिने झाले तोंड पाहिलं नाही. बोटं नसती तर दातांनी शिवलं असतं."

मागचे शिपाई ऐकत होते. झीरीने मान खाली घातली.

खलफने तिला दारापर्यंत पोचवलं. "जा. पोटभर जेव. माझी काळजी करू नकोस, मी त्या धुराकडे बघून जेवीन. आणि सुब्हला सांग, बापाने विचारलंय, भात चिकट होतो की मोकळा?" मग जरा थांबून, थट्टा बाजूला ठेवून म्हणाला, "ये मात्र हं."

"येते," ती म्हणाली.

कोटापासून गडापर्यंत दोन तटांच्या मधून वाट वर जाते. चढताना मुहजाला दोनदा बसावं लागलं. तिला नवल वाटलं ते याचं, की दोन्ही वेळा शिपाईही बसले, आणि उठताना भिंतीला धरून उठले. वरचा दरवाजा थोडासाच उघडला आणि ती आत जाताच अडसर पडला.

सुब्ह विहिरीपाशी होती. मुहजाने आधी तिला ओळखलंच नाही. पोट पुढे आलं होतं आणि बाकी सगळं आत गेलं होतं; मनगटं काटक्यांसारखी, डोळे मोठे. आईला बघून ती धावली नाही. हातातला पोहरा खाली ठेवला आणि ती रडायला लागली.

"तू कशाला आलीस? मी त्यांना हात जोडून सांगितलं होतं, काहीही करा, पण आईला आणू नका."

"अगं, हे काय झालंय तुझं? तुला जेवायला घालत नाहीत?"

"कुणालाच नाही, आई. नाहीच आहे काही."

कोठीवाला ताशफीन तिथेच आला. थकलेला, पांढऱ्या भुवयांचा माणूस. आवाज चढवायची त्याला गरज पडत नसे. त्याने मुहजाला कोठार स्वतः दाखवलं. पोती छतापर्यंत रचली होती. त्याने एका पोत्यावर सुरी फिरवली. वाळू घरंगळत तिच्या पायांवर आली.

"मे महिन्यात तोफेचा गोळा पडला," तो म्हणाला. "आत आग लागली. तुम्ही खालून धूर पाहिला असेल."

"तबेला जळाला म्हणून सांगितलंत."

"सांगितलं. उरलं ते शिबंदीने खाल्लं. पाणी आहे. घोडे होते, ते संपले. आता तुम्हाला माहीत झालं, तेव्हा तुम्ही इथेच राहाल. बाकीचे राहतात तसे."

मुहजाच्या डोळ्यांपुढे खमीरवाला, नालबंद आणि सुईण उभे राहिले. खमीरवाला खरंच समोर होता, भिंतीला पाठ लावून बसलेला. नालबंद मेला होता. सुईण अजून होती. सुब्हच्या दिवसांसाठी तिला जपून ठेवलं होतं.

"आणि धूर?" मुहजाने विचारलं. "रोज संध्याकाळी धूर निघतो तो कसला?"

ताशफीनने सुब्हकडे बघितलं. सुब्ह म्हणाली, "आम्ही बायका करतो. ताडाच्या ओल्या झावळ्या, ओला पेंढा. वर रिकामी कढई ठेवायची, म्हणजे लोट पसरतो."

त्या संध्याकाळी मुहजा लेकीच्या शेजारी बसली आणि पेंढ्यावर पाणी शिंपडलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण धुराने सगळ्यांच्याच वाहत होतं. तटाच्या फटीतून खाली शहर दिसत होतं. गच्च्यांवर माणसं येऊन उभी राहिली. एवढ्या उंचीवरून कोण कुठला ते ओळखू येत नव्हतं. तरी तिला त्यांची गच्ची सापडली, आणि तीवर एक माणूस बसलेला दिसला.

निशाण शिवायला तिने वेळ काढता येईल तेवढा काढला. एक टाका घालायची, दोन उसवायची. निशाण तयार झालं की ते बाहेर पडणार, आणि त्यामागे झीरी जाणार, हे ती जाणून होती. झीरी रात्रपाळीवरून आला की तिच्यासमोर बसायचा. एकदा तिनेच म्हटलं, "बोटं सुजलीत असं म्हणाले असते तर?"

"तर दुसरीला आणलं असतं," तो म्हणाला. "तिचीही लेक कुठेतरी असती."

मग एका संध्याकाळी मुहजाने पेंढ्याला हात लावला नाही. सुब्हलाही लावू दिला नाही. बाकीच्या बायका बघत राहिल्या.

"चुली नाही पेटवायच्या," ती म्हणाली. "खाली लोक या धुरावर जगताहेत. आज धूर नाही दिसला तर त्यांना कळेल. दरवाजे उघडतील, तह करतील, निदान पोरं तरी वाचतील."

ताशफीन आला. त्याने तिला मारलं नाही, धमकीही दिली नाही. तिच्या शेजारी उकिडवा बसला.

"बाई, धूर शहरालाच दिसतो का? तो समोर बघा." फिरंग्यांच्या छावणीत तंबूंचं जंगल होतं आणि समुद्रात गलबतांचं. "ते पण रोज मोजतात. आज धूर नाही दिसला तर उद्या सकाळी ते शिड्या लावतील. खाली तह होईपर्यंत इथे कोण जिवंत राहील? तुमच्या लेकीला पळता येतं का? बघा. मी जबरदस्ती करत नाही."

सूर्य कोटाच्या मागे चालला होता. सुब्ह पोटावर हात ठेवून आईकडे बघत होती. ती 'पेटव' म्हणाली नाही, 'नको' म्हणाली नाही. खाली गच्च्यांवर माणसं जमायला लागली. आज उशीर झाला म्हणून काही जण उभे राहून, हाताचा आडोसा करून वर बघत होते.

मुहजा उठली. तिने विस्तव फुंकला आणि स्वतःच्या हाताने झावळ्या घातल्या. खालून, अगदी दूरवरून, पोरांचा आनंदाचा ओरडा ऐकू आला.

निशाण शेवटी पुरं करावंच लागलं. सकाळी वेशीचे दरवाजे उघडले आणि शिबंदी पांढऱ्या निशाणामागून छावणीवर तुटून पडली. मुहजा आणि सुब्ह बुरुजावर होत्या. निशाण बरंच पुढे गेलं. गव्हाच्या राशींच्या दिशेने जात होतं. मग ते एका जागी थांबलं, डोललं, आणि दिसेनासं झालं. माणसं परत यायला लागली ती एकेक करून, हत्यारं टाकून. सुब्ह प्रत्येकाचं तोंड बघत दरवाजाशी उभी राहिली. झीरीबरोबर त्या दिवशी घरी आलेल्या दोन शिपायांपैकी एक आला. त्याने सुब्हला बघितलं आणि तो दुसऱ्या बाजूने निघून गेला.

त्यानंतर शहर डोंगऱ्यांना भ्यायचं थांबलं. व्यापारी छावणीत गेले, परत आले, पुन्हा गेले. राजाने अटी ऐकून घेतल्या नाहीत. मुकाट्याने शरण या म्हणाला. शहराने दरवाजे उघडले. खालच्या कोटावर क्रूस चढलेला गडावरून दिसला. गड आणखी थोडा टिकला, आणि मग एके दिवशी ताशफीननेच आतला अडसर काढला. फिरंगी शिपाई आत शिरले, धावत कोठाराकडे गेले आणि पोती फोडायला लागले. वाळू बघून ते मोठमोठ्याने हसले.

सगळ्यांना खालच्या कोटाच्या आवारात आणून उभं केलं. शहरातले आधीच तिथे होते, उन्हात, जनावरांसारखे वाटे पाडून. गडावरची माणसं येताना दिसली तसा त्यांच्यातून एक आवाज उठला. कुणी थुंकलं.

"आल्या!" उम्म यईश पुढे आली. ती निम्मी झाली होती, पण आवाज तोच. "आल्या गव्हावरच्या घुशी! आमची पोरं चामडी उकळून खात होती, आणि तुम्ही वर..." तिने सुब्हचं मनगट पकडलं, आणि तिची बोटं मनगटाभोवती पुरती मिटली. ती बघत राहिली. "सुब्ह? अगं, तू पोटुशी ना?"

"उम्म यईश," मुहजा म्हणाली, "वर काही नव्हतं. वाळू होती."

"मग तो धूर?"

"ओला पेंढा."

उम्म यईश खाली बसली. बराच वेळ तिने सुब्हचं मनगट सोडलं नाही.

"खलफ कुठाय?" मुहजाने विचारलं. तिचे सगळे वाटे नजरेने धुंडाळून झाले होते.

"आधी पाणी पी."

"उम्म यईश, खलफ कुठाय?"

"फार हाल नाही झाले गं," उम्म यईश म्हणाली. "गच्चीवरच गेला. वेशी उघडायच्या दोन-तीन दिवस आधी. त्याच्या वाटचं जे काही यायचं ते माझ्या यईशला द्यायचा. मी भांडले, म्हटलं, अहो, तुम्ही खा. तर म्हणाला, माझी दोन माणसं वर जेवतायत, घरात एवढं खाणं पुरे झालं." ती अडखळली. "संध्याकाळी धूर निघाला की म्हणायचा, चला, बसल्या पानावर. मग तो निजायचा. असाच एकदा निजला."

सुब्हने आईला दोन्ही हातांनी धरलं, आणि त्या तशाच उभ्या राहिल्या, वाटे पाडणारा शिपाई त्यांच्यापाशी येईपर्यंत.

मायलेकी सेव्हिलला एका बागायतदाराच्या घरी विकल्या गेल्या. हे नशीबच म्हणायचं, कारण पुष्कळांच्या मायलेकी दोन टोकांना गेल्या. सुब्हला मुलगी झाली. वर जपून ठेवलेली ती सुईण कुठे गेली कुणास ठाऊक, मुहजानेच बाळंतपण केलं. बऱ्याच वर्षांनी समुद्रापलीकडच्या आमच्या तेतुआन शहरातल्या लोकांनी वर्गणी काढून काही गुलाम सोडवले, त्यात या तिघी होत्या. आमच्या गल्लीत त्यांनी खोली घेतली. मुहजाबाई तेव्हा म्हातारी झाली होती. लग्नाच्या कपड्यांवर रेशमी काम करायची, आणि मी, रंगाऱ्याचा मुलगा, तिला लडी पोचवायचो. हे सगळं तिच्याकडून, थोडं थोडं, तुकड्यातुकड्याने ऐकलं.

आमच्याकडे मालागाची माणसं पुष्कळ. रमजानच्या दिवसांत, इफ्तार झाली की ती अंगणात बसून शहराच्या गोष्टी सांगत, आणि प्रत्येक गोष्ट फारूहच्या गडावर येऊन थांबे. कोठारात तीन वर्षांचा गहू होता. व्यापाऱ्यांनी दगा दिला, नाहीतर गड आजही आपला असता. चुली कशा रोज पेटायच्या, ते आम्ही या डोळ्यांनी बघितलंय.

एकदा असाच एक म्हातारा, खालच्या शहरात असलेला, रंगात येऊन बोलत होता. मुहजाबाई भिंतीला टेकून शिवत बसली होती. तिने मान वर केली.

"भाऊ, गहू नव्हता."

"बाई, तुम्हाला काय माहीत?"

"मी वर होते."

"असाल," तो म्हणाला, "पण बायकांना कोठार कोण दाखवतं? तुम्ही चुलीपाशी असाल."

"हो," मुहजाबाई म्हणाली. "चुलीपाशीच होते."

सुब्हने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हाताऱ्याने सगळ्यांकडे एकदा बघितलं, घसा साफ केला आणि कोठाराची उंची हाताने दाखवत पुन्हा सुरुवात केली. पोरं पुढे सरकून ऐकायला लागली.